वडिलांच्या पायातल्या अळ्या

वडिलांच्या पायाच्या जखमेत अळ्या दिसल्या, त्या दिवशी मी त्या काढल्या.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मी शाळेत शिकवत होतो. वडील अमडापूरजवळच्या आमच्या मळ्यात वांगी-मिरची लावत. विळा लागून घोट्याजवळ झालेली जखम महिनाभर भरत नव्हती. तिला वास येई. मग तो वास कमी झाला, आणि फडका सोडल्यावर अळ्या दिसल्या.

आई दार लावून घेत म्हणाली, "जित्या माणसाच्या अंगात किडे! लोकाईले कसं तोंड दाखवू?"

तिच्या लेखी ते पापाचं फळ होतं. मला ते पटत नव्हतं, पण लाज मलाही वाटली. म्हणून बुलढाण्याच्या दवाखान्यात न नेता मी घरीच सीताफळाचा पाला वाटला. बैलाच्या जखमेत अळ्या पडल्या की आमच्याकडे तोच लावतात.

"राहू दे बे," वडील म्हणाले. "आता दुखून नाही राह्यलं."

"बाबा, अळ्या हायेत त्या."

"बैलाचा पाला लावतं मले? मंग उद्या वखराले जुंपजो."

आईसुद्धा हसली. मी एकेक अळी वेचली. खालचं मांस लाल होतं, पू नव्हता. ते मी पाहिलं, तरी पाला भरून जखम बांधली.

चौथ्या दिवशी ताप चढला, पाय मांडीपर्यंत सुजला. एसटीनं बुलढाण्याला नेलं. "अळ्या दिसल्या तेव्हाच आणायचं होतं," एवढंच डॉक्टर म्हणाले. आठवड्यानं वडील गेले.

पुढे वाचनालयात एका जुन्या मासिकात लेख सापडला. काही माश्यांच्या अळ्या मेलेलं मांस तेवढं खातात, आणि त्यांच्या अंगातून पाझरणाऱ्या द्रवानं पू करणारे जंतू मरतात. सगळ्याच अळ्या तशा नसतात, असंही त्यात होतं. वडिलांच्या पायातल्या कोणत्या होत्या, हे आता कळायला मार्ग नाही. मी ते पान वहीत उतरवून घेतलं.

आई अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, "माह्या पोरानं बापाले साफसुतरं करून धाडलं." मी तिथेच बसलेला असतो. वही माझ्या पेटीत आहे. ते पान मी तिला वाचून दाखवलेलं नाही.