कानोशाचा दगड

घळ जिथे सुरू होते तिथे रस्त्याच्या कडेला एक काळा, सपाट दगड आहे. कधीकाळी या डोंगरांच्या पोटातून आग वाहिली आणि जिथे थिजली तिथे असे दगड राहिले. बाकीच्या दगडांना नाव नाही. याला मात्र सगळे कानोशाचा दगड म्हणतात, आणि ते नाव दाजींमुळे पडलं.

दाजी सायकलवाल्यांचे वाटाडे. मेहुणा त्यांच्याबरोबर रांगेतली शेवटची सायकल चालवायचा आणि त्यांना दाजी म्हणायचा, म्हणून बाहेरून आलेली माणसंही दाजीच म्हणू लागली. राखेच्या टेकड्या, विवरातलं हिरवं तळं, जमिनीतून वाफ सोडणारी भोकं असं सगळं दाखवून झालं की शेवटी घळ यायची. दोन्ही बाजूंना खांब उभे केल्यासारखे काळे कडे, मध्ये एका गाडीपुरता रस्ता, आणि एकापाठोपाठ एक आंधळी वळणं. खालून खाणीचे ट्रक दगड भरून वर येत असायचे. भरलेला ट्रक त्या चढावर थांबवायला ड्रायव्हर राजी नसतो, कारण थांबला की तो मागे घरंगळायला लागतो. आणि उतारावर सुटलेली सायकल वळण घेतल्यावर ट्रक दिसून थांबेल म्हणावं, तर तेवढं अंतरच नसतं.

म्हणून घळीत शिरण्याआधीच कळायला हवं. घळ म्हणजे एक लांब नळीच. खालच्या तोंडाशी ट्रक शिरला की त्याची घरघर वरपर्यंत येते. ती नसेल तर मधल्या रुंद जागेपर्यंत खुशाल पोचता येतं. दाजी दगडावर चढायचे, हेल्मेट काढायचे, मान कलती करायचे आणि तळहात मागे धरायचे. मग कुणी बोलायचं नाही, खोकायचं नाही. दाजी खाली उतरून सायकलवर बसले आणि त्यांचं चाक हललं, की सगळ्यांनी मागोमाग निघायचं. इतकी वर्षं हे असं चाललं होतं आणि कुणाला ओरखडा आला नव्हता.

म्हणजे दाजींचं काम काय, तर काहीही ऐकू न येणं. ते काम आता त्यांना फार सोपं झालं होतं.

डावा कान आधी गेला. एका तापात त्यात शिट्टी वाजायला लागली, आणि ताप उतरल्यावर शिट्टी राहिली, बाकीचं गेलं. मग उजवा, हळूहळू, ओल्या भिंतीचा रंग सुटावा तसा. डॉक्टरांनी कानात घालायचं यंत्र दिलं. ते घरात चालायचं. वाऱ्यात त्याचा असा खरखराट व्हायचा की दाजींनी ते मोज्यांच्या खणात टाकून दिलं.

बायकोला कळलं ते वेगळ्याच तऱ्हेने. ती पाहुण्यांच्या लॉजमध्ये कपडे धुण्याच्या खोलीत कामाला होती. एका संध्याकाळी घरी आली तर स्वयंपाकघरात नळ धो धो चालू, आणि दाजी शेजारीच पाठमोरे बसून साखळी पुसताहेत. ती दारातच उभी राहिली.

"अहो, घराला आग लागलीये," ती नेहमीच्या आवाजात म्हणाली.

दाजींनी फडकं उलटं केलं.

"मी पळून चालले, शेजारच्या शिंप्याबरोबर."

दाजींनी साखळीवर तेलाचा एक थेंब सोडला. काही वेळाने त्यांनी वळून पाहिलं, तेव्हा ती उंबऱ्यात बसली होती आणि तिचे खांदे हलत होते. ती हसतेय असंच आधी त्यांना वाटलं.

तेव्हापासून ती त्यांच्याशी समोर येऊन बोलायची, ओठ ठळक हलवून.

"सांगून टाका."

"कुणाला?"

"माझ्या भावाला सांगा. पोरीला सांगा. ती आता तुमच्या मागच्या सायकलवर बसणार आहे."

"आणि मग मी काय करू? लॉजच्या फाटकावर बसून टायरमध्ये हवा भरू? हात जोडून 'या साहेब, बसा साहेब' करू?"

"हवा भरणाऱ्याला घरी बायको नसते का?"

यावर दाजी उठून गेले. पुढचं चाक सोडल्यावर आपण कोण, हा प्रश्न त्यांनी स्वतःला एकदाच विचारून पाहिला होता. उत्तराच्या जागी नुसती ती शिट्टी वाजत राहिली.

तरीही दाजी काही सैतान नव्हते. कुणाच्या जिवावर उठायचं नव्हतं त्यांना. आधी त्यांनी दगडावर हात टेकून पाहिला, ट्रकची थरथर लागते का म्हणून. दगड फक्त तापलेला असायचा. मग त्यांना मेहुण्याचे डोळे सापडले. मेहुण्याला गाडीची घरघर ऐकू आली की त्याची नजर आपोआप घळीकडे जायची, बोलता बोलता माशीकडे जावी तशी. दाजी मान कलती करून घळीकडे पाहिल्यासारखं करायचे आणि कोपऱ्यातून ते डोळे पाहायचे. डोळे हलले की थांबायचं, स्थिर असले की निघायचं. गेले कित्येक महिने दाजी मेहुण्याच्या डोळ्यांनी ऐकत होते आणि मेहुण्याला त्याचा पत्ता नव्हता. "दाजी हल्ली हाकेला ओ देत नाहीत, मोठी माणसं झाली," असं म्हणून तो पाहुण्यांना हसवायचा. दाजी ओठांवरून ते वाचायचे आणि हसायचे.

मुलगी पहिल्यांदा रांगेतल्या दुसऱ्या सायकलवर, दाजींच्या मागे बसली त्या दिवशी ऊन कडक होतं. सकाळी निघताना दाजींनी तिला बजावलं होतं, "माझं चाक हललं की निघायचं. तिथे प्रश्न विचारायचे नाहीत." ती म्हणाली, "माहितेय हो बाबा, पाळण्यात असल्यापासून ऐकतेय." तिने आईचीच मान वळवायची ढब घेतली होती.

दगडापाशी सगळे पोचले. दाजी वर चढले, हेल्मेट काढलं, मान कलती केली, मेहुण्याकडे पाहिलं. मेहुण्याने डोळ्यांवर मोठा काळा चष्मा चढवला होता. कुणा पाहुण्याने खूश होऊन दिलेला. त्यात दाजींना स्वतःचंच छोटंसं तोंड दिसलं.

"काढ तो चष्मा," दाजी म्हणाले.

"का हो दाजी?"

"शोभत नाही."

"जळता तुम्ही," मेहुण्याने पाहुण्यांकडे वळून सांगितलं, आणि सगळे हसले. चष्मा तसाच राहिला.

दाजींनी तळहात मागे धरला. माणसं गप्प झाली. दाजी त्या काळ्या काचांकडे पाहत राहिले. कडा, आकाश, रस्ता, सगळं जागच्या जागी होतं आणि काहीच काही सांगत नव्हतं. एक पाहुणा घड्याळाकडे पाहू लागला, दुसऱ्याने पाण्याची बाटली काढली. मुलगी वाट पाहत होती. तिचा एक पाय पॅडलवर होता आणि चेहऱ्यावर असा विश्वास होता, की दाजींना त्याच्याकडे पाहवेना.

आता बोलायला हवं होतं. जीभ उचलायची आणि दोन वाक्यं बोलायची, एवढंच. त्यांनी मान खाली घातली आणि दुसरंच ठरवलं. आपण एकट्याने पहिली दोन वळणं पाहून यायची. ट्रक असलाच तर तो आपल्याला भेटेल. भेटला तर भेटला.

"मी पुढे बघून येतो, तुम्ही इथेच थांबा," ते म्हणाले.

पण आपण किती जोराने बोलतो हे त्यांना हल्ली कळत नसे. ते शब्द त्यांच्या दाढीपलीकडे गेलेच नाहीत. बाकीच्यांना दिसलं ते एवढंच, की दाजींचं चाक हललं.

पहिलं वळण रिकामं होतं. दुसऱ्या वळणाआधी रस्त्यावरची बारीक खडी नाचताना दिसली. दाजींनी दोन्ही ब्रेक दाबले, सायकल तिरकी झाली, आणि वळणामागून ट्रकचं नाक आलं. कड्याला चिकटून ते एकटे वाचले असते. पण सवयीने त्यांनी मागे पाहिलं. वरच्या वळणातून मुलगी खाली येत होती, केस वाऱ्यावर, आणि तिच्या मागे बाकीचे.

दाजींनी सायकल रस्त्यात आडवी फेकली आणि ट्रकसमोर हात पसरून उभे राहिले. ट्रक थांबला. थांबून मागे सरकू लागला. क्लीनरने खाली उडी मारून चाकामागे दगड सारला तेव्हा कुठे तो धरला. दाजींच्या छातीपासून ट्रकची जाळी हातभर लांब होती.

ड्रायव्हरने खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं. "हॉर्न वाजवून हात मोडला माझा! बहिरे आहात का?"

दाजींनी ते ओठांवरून वाचलं. मागे ब्रेक लावून थांबलेले एकदोन पाहुणे भीती गेल्यावर हसावं तसे हसले. शिवीच होती ती, त्यात काय एवढं.

मुलगी हसली नाही. ती सायकल टाकून दाजींच्या डाव्या बाजूला, जरा मागे येऊन उभी राहिली आणि काहीतरी म्हणाली. दाजी ट्रककडेच पाहत होते. ती पुन्हा म्हणाली. मग ती वळसा घालून समोर आली, आणि तिने ओठ हलवले, ठळक, आईसारखे.

"आईला माहीत आहे?"

दाजींनी होकारार्थी मान हलवली.

"आणि मामाला?"

"नाही."

"मला आवाज आला होता, बाबा. दगडापाशीच. ट्रकचाच होता." तिचा चेहरा पांढरा पडला होता. "मला वाटलं, माझंच चुकतंय. तुमचं चाक हललं ना."

दाजींनी सायकल उचलली. पुढचं चाक वाकलं होतं.

सगळे कड्याला पाठ लावून उभे राहिले, सायकली उचलून छातीशी धरल्या आणि ट्रक त्यांच्या समोरून अंगावरचे कपडे घासत वर गेला. मग मुलगी पुढे झाली. प्रत्येक वळणाआधी ती थांबली, मान कलती केली, तळहात मागे धरला. ती कलती मान मात्र दाजींचीच होती. दाजी सगळ्यांच्या मागून वाकलेलं चाक ढकलत चालत होते. तिचा हात खाली यायचा तेव्हा तेही निघायचे. ती शांतता रस्त्याची की आपली स्वतःची, हे त्यांना आता कधीच कळणार नव्हतं.

मधल्या रुंद जागेत पाहुणे बसले, पाणी प्याले. मुलगी मामाला बाजूला घेऊन बोलली. दाजींना तिची पाठ दिसत होती आणि मेहुण्याचं तोंड. मेहुण्याने ऐकता ऐकता चष्मा काढला आणि खिशात ठेवला. पहिल्यांदाच तो कुणाची थट्टा करत नव्हता. इतके महिने ज्या डोळ्यांवर दाजी जगले, ते आता उघडे होते, पण दाजींकडे वळत नव्हते.

मग ते डोळे झटकन खाली, घळीच्या पुढच्या वळणाकडे गेले.

दाजींनी वाकलेली सायकल उचलली आणि रस्त्यातून बाजूला झाले.