नऊशे दहा ग्रॅमचं लिटर

महादेवपुऱ्यात आमच्या गल्लीच्या टोकाला एक अण्णा लाकडी घाण्याचं तेल विकायचे. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूतच राहिलेल्या मराठी घरातले, त्यामुळे बोलण्यात कन्नड मिसळलेलं.

पहिल्यांदा मी किलोभर शेंगदाणा तेल मागून लिटरची बाटली पुढे केली, तेव्हा ते म्हणाले, "मावणार नाही, अक्का. लिटरभर तेल म्हणजे नऊशे दहा ग्रॅम. भांडं भरलं म्हणून वजन भरत नाही." तेल भरलं की ते डोळे मिटून बाटली तळहातावर धरायचे आणि आतल्या तेलाचं वजन सांगायचे. काटाही तेच सांगायचा.

माझ्या आठ महिन्यांच्या मुलीलाही ते तसंच उचलायचे. "सात किलो दोनशे," म्हणून हसायचे. एका सकाळी मात्र हसले नाहीत. "सहा नऊशे. दिसते तेवढीच, पण आत स्वल्प कमी आहे. आजच डॉक्टरांकडे न्या."

मला राग आला, तरी गेले. दवाखान्यातल्या काट्यावर सहा नऊशेच भरले. तपासणीत हृदयाला छिद्र निघालं. ऑपरेशन झालं, मुलगी वाचली.

ती बरी झाल्यावर तिला घेऊन अण्णांना पेढे द्यायला गेले. त्यांनी नेहमीसारखे दोन्ही हात पुढे केले. त्यांचे उपकार मी जन्मात विसरणार नाही. पण आता ते कोणता आकडा सांगतील या भीतीने त्या क्षणी मी तिला घट्ट छातीशी धरलं, दिली नाही.

त्यांनी शांतपणे हात मागे घेतले. "सरी, अक्का, ठीक आहे," ते म्हणाले. "माझी बायकोही तिच्या शेवटच्या दिवसांत मला हात लावू द्यायची नाही."