आईसाठी जवसाची चटणी

सकाळी स्वयंपाकघरात डोकावले, तर बाबा गॅसपाशी उभे राहून कढईत जवस भाजत होते. दाणे तडतडले की दचकून मागे सरकत. आईला हृदयाचा झटका येऊन गेल्यापासून स्वयंपाक त्यांनीच हाती घेतला होता. गोळ्या चालू होत्याच, पण कोलेस्टेरॉल उतरायचं तर तूप आणि तळण बंद, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

आमच्या घरी माया दाखवायची रीत एकच होती. समोरच्याच्या भातावर आणखी एक चमचा तूप. आई जन्मभर तेच करत आली. आता बाबांना न वाढण्यातली माया शिकावी लागत होती, आणि ती फार अवघड असते.

दुपारी त्यांनी आईला भाकरी, दुधीची भाजी, वरण-भात आणि ती चटणी वाढली. चटणी जरा करपली होती.

"वरणावर थेंबभर तरी तूप?" आईने विचारलं.

"नाही."

"इतके कठोर कधी झालात हो?"

बाबा खाली बघत म्हणाले, "अँब्युलन्समध्ये. तुझा हात गार लागला तेव्हा."

आईने भाकरीचा तुकडा मोडला आणि सावकाश खाऊ लागली.