धरणाच्या काठानं माहेर

माझ्या बायकोला गाडी लागते. एसटी असो, काळीपिवळी असो, नाहीतर पोराची नवी चारचाकी. पहिल्या वळणाला पदर तोंडाला जातो आणि दुसऱ्या वळणाला गाडी थांबवावी लागते. आलेपाक झाला, लिंबू झालं, कोणी सांगितलं म्हणून बेंबीवर कागद चिकटवून झाला. काही उपयोग नाही.

आणि हिचं माहेर कुठं, तर आमच्या गावाच्या समोर. मध्ये फक्त धरणाचं पाणी. आमच्या ओट्यावर बसलं की पलीकडं हिच्या भावाच्या घराचे पत्रे उन्हात चमकताना दिसतात. पण गाडीनं जायचं म्हणजे आधी नाशिक, तिथून दुसरी गाडी आणि मग नुसती वळणंच वळणं. काठाकाठानं जाणारी वाट माणसांची नव्हती, गुरांची होती. घाणेरीचं रान, पाय घसरवणारा घसारा आणि मध्ये एक खोल ओहळ.

आमच्याकडं आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी जातात. चिंचेला झोका बांधतात, गाणी म्हणतात, रस खातात, चार दिवस सासरचं नाव काढत नाहीत. हिचा भाऊ हिच्यापेक्षा मोठा, त्याचे आता पाय चालत नाहीत. दर आखाजीला ही ओट्यावर बसून पत्र्यांकडं बघायची.

"दादा काय आता यायचा नाय," म्हणायची. "मीच गेलं पाहिजे."

"चल, गाडी करतो."

"गाडीनं नेलं तर दादाच्या दारात मढं उतरवाल माझं. चालत नेत असाल तर बोला."

चालत कुठून नेणार? गुडघे दोन्ही गेलेले. सपाट असेल तर कितीही चालेल, चढ आला की हात गुडघ्यावर.

मी चौथी शिकलोय, ती पण मास्तरला दया आली म्हणून. जन्म गेला एकलहऱ्याच्या वीज केंद्रात, कोळसा वाहणाऱ्या फिरत्या पट्ट्यावर. माझ्या पट्ट्याखाली सांडलेला कोळसा कोणी दाखवावा, मिशी काढून देईन, असं मी तेव्हाही म्हणायचो आणि अजून म्हणतो. रिटायर झालो आणि गावी परत आलो. काम नसलं की माणूस घरात नडतो. मी पण नडत होतो.

एका रविवारी सकाळी काठावर मोटारसायकली थांबल्या. शहरातली माणसं, बाया-पुरुष, हातात टिकाव आणि फावडी. मला वाटलं, आली प्लॉट पाडणारी जमात. तरातरा गेलो.

"काय वो, कोणाच्या जमिनीवर नेम धरलाय?"

पुढं एक बाई होत्या. कॉलेजात शिकवायच्या, सगळे त्यांना मॅडम म्हणत. म्हणाल्या, "जमीन नको बाबा, पायवाट करतोय. काठाकाठानं चालता यावं म्हणून. परवानगी काढलीये."

"रोज किती मिळतो?"

"काहीच नाही."

"मग डोक्यावर पडलाय का?"

"हो. दर रविवारी पडतो," मागून एक जाडा गडी म्हणाला. त्याचं नाशिकरोडला औषधांचं दुकान होतं आणि जिभेवर औषध नव्हतं.

"कुठवर नेणार ही वाट?"

मॅडमनी पाण्यापलीकडं हात केला. बरोबर त्या पत्र्यांकडं.

मी घरी गेलो आणि पहार घेऊन आलो.

भांडण पहिल्याच दिवशी झालं. मॅडम म्हणाल्या, वाट टेकाडाच्या अंगानं वरून न्यायची. मी म्हणालो, खालून, पाण्याच्या कडेनं. खाली गाळ वाळून कसा ओट्यासारखा सपाट झाला होता. हिच्या गुडघ्यांना तेच पाहिजे. पण बायकोसाठी म्हणतोय हे चारचौघांत सांगायला जीभ उचलेना, म्हणून बाकीचीच कारणं दिली.

"बाबा, पाणी वर येतं," मॅडम म्हणाल्या. "तो खडकावरचा पांढरा पट्टा बघा. तिथवर येत असणार."

आता मी गावी परत आल्यापासून पाऊस बेताचाच झाला होता. तिथवर पाणी मी काही पाहिलं नव्हतं. आणि मी पाहिलं नाही ते नसतं, हा माझा जुना कायदा. म्हणालो, "ते पाण्याचं नाय. बगळ्यांनी घाण केलेली हाय."

जाडा गडी खडकाकडं बघत राहिला. "एका रेषेत? बगळे काय पट्टी लावून बसतात का, बाबा?"

सगळे हसले. मला हसलेलं खपत नाही. मी खाली वाळलेल्या गाळावर फतकल मारली आणि सांगितलं, वाट इथून निघाली तर मी आहे, नाहीतर हा मी चाललो. गावातला एकच माणूस त्यांना मिळाला होता, तो पण रुसलेला. मॅडमनी कपाळाला हात लावला आणि फावडं खाली आणलं.

पुढं थंडीभर आणि उन्हाळाभर काम चाललं. काय वाट झाली म्हणून सांगू! सुतळी लावून सरळ, दोन्ही बाजूंना दगडांची कड, तीसुद्धा निवडून निवडून लावलेली. ही दर रविवारी टोपलं भरून भाकरी आणि ठेचा पाठवायची. शहरातली माणसं ठेचा खाऊन रडायची आणि पुन्हा मागायची. पण ओहळ काही आखाजीपर्यंत उरकला नाही. ही म्हणाली, "राहू द्या. पुढच्या आखाजीला जाऊ."

मग पाऊस झाला. असा झाला की आधीच्या सगळ्या वर्षांची बाकी भरून काढली. रोज सकाळी मी काठावर जायचो आणि रोज माझी दगडी कड थोडी थोडी पाण्यात जायची. एक दिवस सगळी गेली. पाणी पांढऱ्या पट्ट्याला जाऊन टेकलं. अगदी टेकलं, बोटभर वर नाही की खाली नाही.

ही शेजारी येऊन उभी राहिली. म्हणाली, "चला. माझ्या माहेरच्या वाटेनं मासे तरी जातील."

त्या रविवारी मी गेलो नाही. घरात पाठ फिरवून पडलो होतो. तर अख्खी टोळी चिखलाच्या पायांनी आमच्या ओट्यावर. वाटलं, आता ऐकवणार. त्यांनी तर चहा मागितला. चहा पीत पीत तो जाडा गडी पाण्याकडं बघत एवढंच म्हणाला, "यंदा बगळ्यांनी लय मेहनत घेतली."

मला आधी राग आला. मग पोटातून असं हसू फुटलं की कपबशी सांडली. ही आतून बाहेर आली, म्हणाली, "काय झालं, माणूस बरा हाय ना?"

मॅडम म्हणाल्या, "बाबा, वरून नेऊ. पुन्हा पहिल्यापासून. याल ना?"

"येतो. पण वर चढ हाय."

"मग पायऱ्या करू."

"पायऱ्याच तर नको वो!" आणि तिथं माझ्या तोंडून निघून गेलं. गुडघे, गाडी, भाऊ, आखाजी, सगळं. ही दारातून डोळे वटारून बघत होती. घरचं असं चव्हाट्यावर मांडलेलं तिला आवडत नाही.

मॅडम उठल्या, अंगणातले दोन चपटे दगड उचलून एकावर एक ठेवले. "मावशी, चढा बघू. गुडघ्याला हात न लावता."

"हे काय खूळ!" ही म्हणाली, पण चढायला बघितलं. नाही जमलं. वरचा दगड काढून पातळ ठेवला. नाही जमलं. आणखी पातळ. तेव्हा ही एकदम चढली आणि वर उभी राहून सगळ्यांकडं अशी बघायला लागली, जशी कळसूबाई चढून आली.

त्या उंचीची मी निरगुडीची काठी तोडली. त्या दिवसापासून टेकाडावरची एक पायरी त्या काठीच्या वर गेली नाही. दुप्पट पायऱ्या लागल्या, दुप्पट दगड वाहावे लागले. पाठी मोडल्या, पण कोणी माप सोडलं नाही. नवीन आलेला एक धट्टाकट्टा ट्रेकवाला कुरकुरला, "एवढ्या बुटक्या पायऱ्या? मुंग्यांसाठी करताय का?"

"मुंग्याच माहेरी जातात बाबा," ही म्हणाली. "रांगेनं. तू लाव दगड."

ही आता भाकरी पाठवत नव्हती, घेऊनच यायची. जिथवर पायऱ्या झाल्या तिथवर चढून बघायची. पास केलं तर पुढं, नाहीतर उकरा. एकदा मी लावलेल्या पायरीवर पाय ठेवला आणि दगड डुगडुगला. "हे एकलहऱ्याचं काम दिसतंय. काढा!" सगळी टोळी शिट्ट्या मारायला लागली. माझं काम माझ्या देखत कोणी कधी काढलं नव्हतं. दोन दिवस मी हिच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी जाऊन मुकाट्यानं दगड काढला, खाली मुरूम ठोकला आणि परत बसवला. तो आता भूकंप झाला तरी हलणार नाही.

आखाजी आली. आदल्या रविवारी सगळ्यांनी वाट झाडून दिली, ओहळात टाकलेले दगड पुन्हा तपासले. "आम्ही पण येतो सोडायला," म्हणत होते. ही म्हणाली, "वरात नको. माहेरी जातेय, लग्नाला नाय."

सकाळी गारव्यातच निघालो. हिनं नवं लुगडं नेसलेलं, पिशवीत सांजोऱ्या. ओहळ ओलांडला, टेकाडाचा मोठा टप्पा चढली, वर बसून पाणी प्यायली. "दादाला गाडी पाठवायला सांगू का?" मी म्हणालो. ही पिशवी उचलून चालायला लागली.

पलीकडच्या उतारावर मात्र घात झाला. शेवटच्या पायऱ्या म्हशींनी तुडवून उधळल्या होत्या. दगड इकडंतिकडं, मधे भगदाड. खाली पत्र्याचं घर अगदी हाकेवर आणि पाय ठेवायला जागा नाही. हिचा चेहरा उतरला. त्या पडक्या वाटेच्या पायथ्याशी काठी टेकून एक म्हातारा उभा होता. हिचा भाऊ! घराचा उंबरा न ओलांडणारा माणूस, आम्हाला टेकाडावर बघून तिथवर आला होता.

"दाजी, पोरांना बोलावतो," तो खालून ओरडला. "उचलून घेतील तिला."

"नाय!" मी ओरडलो. "ती चालत येणार. थांबा तिथंच."

हत्यार काहीच नव्हतं. हातानं दगड गोळा केले, दगडानंच दगड ठोकला. मापाची काठी घरी राहिली होती. ही म्हणाली, "माप मी हाय ना." एक दगड बसवला की ही पाय ठेवून बघायची. "उंच झाला." काढला. "आता बरा." पुढचा. खालून मेव्हणा सांगायचा, इकडं सरकवा, तिकडं सरकवा. म्हणालो, "तुम्ही गप बसा, तुमचा काय संबंध!" तर म्हणतो, "माझ्याच दारात येताय आणि माझाच संबंध नाय?" ऊन चढलं, बोटांची सालं निघाली, आणि मला असा आनंद झाला होता की कोळशाच्या पट्ट्यावर कधी झाला नाही.

शेवटच्या दगडावरून ही खाली उतरली. गुडघ्याला हात न लावता. दोघं भाऊबहीण एकमेकांपुढं उभी राहिली.

"वाळलास रं दादा."

"आणि तू जाडी झालीस."

एवढंच. मग दोघं हात धरून घराकडं निघाली. मी मागं उभा आहे हे कोणाच्या लक्षात नव्हतं.

जेवण झालं, रस झाला. भावजय म्हणाली, "वन्सं, झोक्यावर या की." मला वाटलं, ही नको म्हणेल. ही पदर खोचून बसली आणि पोरींना म्हणाली, "लाव गं जोर." मी खाटेवरून बघत होतो. चिंच पण करकरत होती.

उन्हं कलली तसं मी म्हणालो, "निघायचं ना?"

"तुम्ही निघा. मी राहणार हाय."

"आणि माझ्या भाकरीचं?"

"टोपल्यात हायेत दोन. उद्यापासून तुम्ही शिका. आणि आज लावलेल्यातल्या वरच्या पायरीकडं बघत जा, डुगडुगते."

मग एकटाच निघालो. ती वरची पायरी बघितली. खरंच डुगडुगत होती. खाली दगडाची चीप ठोकली. तेवढ्यात समोरून शहरातलं एक जोडपं आलं, पाठीवर पिशव्या, गळ्यात कॅमेरा.

"बाबा, ही वाट पुढं कुठं जाते हो?"

"माझ्या सासुरवाडीला," मी म्हणालो. "जा सरळ. चिंचेच्या झोक्यावर एक म्हातारी दिसेल, ती चहा देईल. सांगा, दाजींनी पाठवलंय."