चार संगीतांपैकी राजोडीची

माझ्या जिवलग मैत्रिणीच्या श्रद्धांजलीच्या बॅनरखाली उभं राहून मी मेथीच्या जुडीसाठी घासाघीस केली.

एकदा नाही. लागोपाठ दोन दिवस.

वसईच्या एव्हरशाईन सिटीत आमच्या नाक्यावर भाजीवाला बसतो, बरोब्बर त्याच्या डोक्यावर बॅनर होता. 'कै. सौ. मानसी', पुढे आडनाव. चष्मा, कापलेले केस, भरलेला चेहरा.
माझ्याच वयाची दिसतेय बिचारी, असं मनात म्हटलं आणि मेथी घेऊन घरी आले.

तिसऱ्या दिवशी ग्रेटाचा फोन. ग्रेटा आमच्या वर्गातली, पापडीची, आजही पापडीतच राहते.

"तुमच्या नाक्यावरचा फोटो बघितलास? अगं, ती आपली संगीता. राजोडीची."

मी फोन धरून किचनमध्ये खालीच बसले.

आमच्या शाळेत नव्हते त्यांच्यासाठी सांगते. वर्गात चार संगीता होत्या. सुनीता तीन, अनिता दोन, आणि 'संजय' अशी हाक मारली की अख्खा बाक उभा राहायचा. त्या वर्षांत वसईतल्या सगळ्या आयांना बहुतेक एकच यादी मिळाली होती.

शेवटी बाईंनीच वाटणी केली. राजोडीची संगीता, पापडीची संगीता, उंच संगीता आणि टेलरची संगीता.
पापडीची म्हणजे मी.

राजोडीची आणि मी एका बाकावर. ती कशाला म्हणजे कशाला घाबरायची नाही. मी सगळ्याला.

पाचवीत धनुर्वाताचं इंजेक्शन द्यायला शाळेत नर्स आल्या. मी नळामागच्या भिंतीला चिकटून उभी. ही आपलं इंजेक्शन घेऊन दंड चोळत आली आणि माझ्याकडे बघून म्हणाली,
"तू बस हितंच. मी येते जाऊन. चार-चार संगीता, त्यांना काय कळतंय कोन कुठली."

मला वाटलं, मस्करी करतेय.
रिबिनी सोडल्या, वेण्या पुढे घेतल्या आणि गेली. दुसऱ्या दंडावर माझ्या वाटचं इंजेक्शन घेऊन आली. नर्सनी यादीत माझ्या नावापुढे टिक केली, विषय संपला.

पुढचे दोन दिवस पोरगी तापाने फणफणली. तिसऱ्या दिवशी शाळेत आली तरी हात वर होईनात. मी तिच्या वह्या लिहिल्या, वेण्या घातल्या आणि कुणाला चकार शब्द बोलले नाही.
आज पहिल्यांदा सांगतेय.

दहावीनंतर ती तिकडे, मी इकडे. मग लग्नं.

माझ्या नणंदेचं नाव संगीताच होतं. एका घरात दोन नकोत म्हणून ताटातल्या तांदळात अंगठीने 'केतकी' लिहिलं. छान नाव आहे, तक्रार काहीच नाही. पण आई गेल्यावर मला संगीता म्हणून हाक मारणारं कुणी उरलं नाही.

मागच्या वर्षी आमच्या बॅचचा ग्रुप झाला. चारातल्या तीन संगीता लगेच जमल्या. चौथीला मी शोधते, असं मी छातीठोकपणे सांगितलं. दुसऱ्या कुणी शोधलेलं मला चाललंच नसतं. मला तिला एकदा भेटायचं होतं, बस्स.

राजोडीला जाऊन आले. तिच्या माहेरच्या जागेवर आता वीकेंडवाल्यांसाठी कॉटेज आहेत. शेजारच्या आजी म्हणाल्या, तिला वसईलाच दिली.
वसई म्हणजे काय चार घरांचं गाव राहिलंय का आता?

मग फेसबुक. 'संगीता', तिचं माहेरचं आडनाव, सर्च. रोज.
तिच्याही लग्नात कुठल्यातरी ताटात दुसरंच काहीतरी लिहिलं गेलं असणार, हे माझ्या टाळक्यात आलं नाही. माझ्या! जिचं स्वतःचं तेच झालंय.

ग्रेटा म्हणते ते खरंच आहे. "आमचं बरं बाई, बाप्तिस्म्याचं नाव शेवटपर्यंत पुरतं. तुमच्यातल्या अर्ध्याअधिक लग्नातच हरवतात."

काल तिच्या घरी गेले. माझ्या बिल्डिंगपासून सात मिनिटं. चालत.

तिच्या मिस्टरांना नाव सांगितलं, केतकी. त्यांना काही बोध होईना. मग म्हटलं, शाळेतली, पापडीची संगीता.
आतून तिची मुलगी धावत बाहेर आली आणि माझा हात धरून रडायलाच लागली.

म्हणाली, आई दर रविवारी जेवणं झाली की फोन घेऊन बसायची. माझं माहेरचं नाव टाकून शोधायची. अकरा संगीतांना रिक्वेस्ट पाठवून झाल्या होत्या, प्रत्येकीला एकच प्रश्न, "तू पापडीची का?"
त्यातल्या नांदेडच्या एक संगीताताई इतक्या गोड निघाल्या की दोघींची मैत्रीच झाली. त्यांचं रोजचं गुड मॉर्निंग अजूनही येतंय. त्यांना कसं कळवायचं, म्हणून लेक अडून बसली होती.

मी लावला फोन.

नांदेडच्या ताईंना सगळं सांगितलं. मग त्यांनी रडक्या आवाजात विचारलं, "आपण कोण?"

"ती जिला शोधत होती ना, ती मी."



आज सकाळी माझ्या प्रोफाइलवर मी माझं माहेरचं पूर्ण नाव टाकलंय. आधी टाकलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं. हे मला आता जन्मभर छळणार आहे.

मैत्रिणींनो, हात जोडून सांगते. आपलं शाळेतलं नाव आणि गाव खाली कॉमेंटमध्ये लिहा. वहिनी, काकू, मिसेस अमुकतमुक नको. हजेरीतलं नाव लिहा.
आज रविवार आहे. कुणीतरी जेवून फोन घेऊन बसली असेल.

संगीता, मला उशीर झाला गं. माफ कर.
सांभाळून जा.

तुझीच,
संगीता