लाईन कमजोर नव्हती

कॉम्प्युटर उघडायच्या आधी उन्नती शेंडे नाकावर ओढणी बांधायची. नव्या गिऱ्हाइकांना ते नाटक वाटायचं. पण कॅबिनेटचं झाकण निघाल्यावर आत काय सापडतं, ते तिलाच माहीत होतं. झुरळांची अंडी, उदबत्तीची काजळी, कुत्र्याच्या केसांचा नमदा. एकदा पंख्याच्या पात्यात खर्ऱ्याची पन्नी अडकलेली निघाली, आत तंबाखू तशीच ओली. त्या मशीनचा मालक समोर उभा राहून सांगत होता, "मॅडम, गेम लय लॅग मारून राहिला. नेटच खराब आहे."

नागपुरात जरीपटक्याच्या बाजारातल्या त्या दुकानात मागच्या खोलीत ती नऊ वर्षं बसली. घर तिथून जवळच, इंदोऱ्यात. आयटीआयमधून इलेक्ट्रॉनिक्स केलं, दोन वर्षं मोबाईल दुरुस्ती केली आणि मग इथे आली. आई सिंधूताई सरकारी दवाखान्यात आया होती. आयुष्यभर लोकांची घाण काढलेली ती बाई मुलीच्या ओढणीला हसायची. उन्नतीलाही खरं तर घाणीचं फार काही नव्हतं. ब्रश मारला, हवा मारली की ती जाते. तिला किळस यायची ती पुढच्या काउंटरवरून ऐकू येणाऱ्या बोलण्याने.

काउंटरवर मालक बसायचा, रजत भोयर. चाळिशीच्या आतला, गोड बोलणारा, हात जोडून नमस्कार करणारा. गेम अडकतो अशी तक्रार घेऊन कोणी आलं की त्याचं उत्तर ठरलेलं असायचं. "दादा, लाईन कमजोर आहे." मग शेल्फावरून काळा डबा निघायचा. डब्याला आठ अँटेना आणि लाल दिवे. त्याला तो "लॅग तोडणारा राऊटर" म्हणायचा.

उन्नतीला हा सगळा प्रकार कळत होता. लॅग या एका शब्दाखाली लोक दोन वेगळे आजार कोंबतात. एक इंटरनेटचा. तुमचा निरोप खेळाच्या सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला जो वेळ लागतो, त्याला पिंग म्हणतात. तो वाढला की पडद्यावर बाकीचे खेळाडू इथून तिथे उड्या मारतात, पण तुमचं स्वतःचं चित्र सहसा सुरळीत फिरत राहतं. दुसरा आजार तुमच्याच मशीनचा. सेकंदाला साठ चित्रं काढायची तिथे मशीन पंधराच काढत असेल, तर सगळंच अडखळतं. तुम्ही स्टिअरिंग वळवता, पण ते वळण पुढच्या चित्राची वाट बघत थांबतं. हातातलं खेळात उशिरा पोचतं, आणि तुमची जागा बाकीच्यांनाही झटक्याझटक्याने दिसते. मग तेही म्हणतात, ह्याचं नेट खराब. ही चित्रं काढणारं ग्राफिक्स कार्ड धुळीने तापून दमलं असेल, तर दारात कितीही जाड वायर आणून टाका, काही फरक पडत नाही.

हे ती रजतला पहिल्याच वर्षी बोलली होती. तो म्हणाला, "तू आतलं पाय, मी बाहेरचं पायतो." आणि तिने नऊ वर्षं आतलंच पाहिलं.

मागच्या वर्षी मार्चमध्ये घरोघरी जाणारा कारागीर सुट्टीवर होता, म्हणून रजतने तिला शहराच्या दुसऱ्या टोकाला, बेस्याला पाठवलं. विश्वनाथ लांजेवार नावाच्या गिऱ्हाइकाकडे डबा बसवायचा होता. त्यांचा हा तिसरा डबा. दुपारी बाराच्या उन्हात ती स्कूटर घेऊन निघाली.

दार त्यांच्या बायकोने, इंदुताईंनी उघडलं. आत जेवायच्या टेबलाला खेळाचं स्टिअरिंग शिकंज्याने घट्ट बसवलेलं होतं, खाली पाटावर पेडल. समोर बसलेले विश्वनाथकाका सदुसष्ट वर्षांचे. एकतीस वर्षं एसटी चालवली, बहुतेक नागपूर-गडचिरोली. निवृत्त झाल्यावर भाचीच्या घरी त्यांनी ट्रक चालवायचा हा ऑनलाईन खेळ पाहिला आणि त्यांना तो सोडवेना. रोज चार वाजता निरनिराळ्या गावांतली दहाबारा माणसं आपापले ट्रक घेऊन ताफ्याने निघायची, कानाला हेडफोन लावून गप्पा मारत.

"डबा राहू दे बेटा," काका म्हणाले. "डब्यानं काही होत नाही. माहे हातच गेले आता."

"काहून असं म्हणता काका?"

"वळण येते तवा मी बरोब्बर वळवतो. ट्रक मात्र पुढे जाऊन आपटते. मंग मले वाटलं, मी वळवतो तेच उशिरा वळवत असन. उमर झाली."

इंदुताई मध्येच बोलल्या, "स्कूटर चालवनं सोडलं यानं. लायसनची तारीख गेली, तरी गेला नाही. भाजीले मी ऑटोनं जातो."

काकांनी मोबाईल काढला आणि तिला एक व्हिडिओ दाखवला. ताफ्यातल्या कोणीतरी बनवून खेळणाऱ्यांच्या मोठ्या ग्रुपवर टाकलेला. काकांचा निळा ट्रक रस्त्यात झटके खातो, पुढच्या ट्रकला धडकतो, पुन्हा धडकतो. दर धडकेला मागून माकडाच्या किंचाळण्याचा आवाज जोडलेला. शेवटी एक माणूस म्हणतो, "अंकल, चश्मा बदलो, नहीं तो ऊपर का टिकट कटाओ." खाली चाळीस जण हसलेले. त्यानंतर ताफ्याच्या प्रमुखाने काकांना काढून टाकलं होतं.

एकतीस वर्षं ज्या माणसाच्या भरवशावर पन्नास-पन्नास माणसं गाडीत झोपायची, त्याच्यावर माकडाचा आवाज. उन्नतीने मोबाईल परत दिला आणि तळहात कुर्त्याला पुसले, काहीतरी चिकट लागल्यासारखे.

तिने खेळ सुरू करायला सांगितला आणि सेटिंगमध्ये जाऊन पडद्याच्या कोपऱ्यात दोन आकडे चालू केले. पिंग एकतीस. हलेना. दुसरा आकडा, सेकंदाला किती चित्रं, तो चौदा, सतरा, पंधरा असा लटपटत होता.

"काका, तुमचं नेट झकास आहे. मशीनमधलं ग्राफिक्स कार्ड कोणतं?"

"रजतभाऊनं चांगलं टाकून देल्लं म्हणे. त्याच्याचसाठी तर मशीन घेतली."

ती टेबलाखाली वाकली. कॅबिनेटच्या मागे टॉर्च मारला आणि तशीच बसून राहिली. पडद्याची वायर वरच्या खाचेत घातलेली होती, म्हणजे कार्डाला वगळून थेट मदरबोर्डात. खाली ग्राफिक्स कार्ड होतं, चांगलं मोठं, पण त्याच्या खाचांवरची लाल प्लास्टिकची टोपणं निघालीच नव्हती. दोन वर्षं ते कार्ड आत नुसतं पडून होतं. खेळ ओढत होती ती प्रोसेसरमधली तुटपुंजी ताकद. त्यावर पंख्याच्या जाळीत धुळीचा करडा थर.

तिने मशीन बंद केली. धूळ काढली, टोपण काढलं, वायर वरून काढून कार्डाच्या खाचेत घातली. सगळं मिळून वीस मिनिटं.

खेळ पुन्हा सुरू झाला. पिंग एकतीसच. दुसरा आकडा बहात्तर.

काकांनी ट्रक घाटात घातला. पहिलं वळण, दुसरं, तिसरं. ट्रक त्यांच्या मनगटाबरोबर वळत होता. चौथ्या वळणानंतर त्यांनी इंडिकेटर देऊन ट्रक कडेला घेतला, हँडब्रेक लावला आणि हात मांडीवर ठेवले.

"मंग माहे डोळे?"

"डोळ्याचं मले नाही माहीत काका. पण ट्रक झटके खात होता, थे तुमच्यामुळे नाही. वायर चुकीच्या जागी होती."

"कोनाची चूक?"

"ज्यानं मशीन लावून देल्ली त्याची."

"रजतभाऊनंच लावली." काकांनी पुन्हा मोबाईल काढला. "पयल्याच महिन्यात मी त्याले फोन केला होता. त्यानं मागच्या बाजूचा फोटो मांगितला. मी पाठवला."

फोटो स्पष्ट होता. वरच्या खाचेतली वायर, खालची लाल टोपणं, सगळं त्यात दिसत होतं. कॉम्प्युटरचा धंदा करणाऱ्या माणसाला ते ओळखायला दोन सेकंदही लागले नसते. त्याखाली रजतचं उत्तर होतं: "सगळं बरोबर आहे काका, लाईन कमजोर आहे." पुढे जोडलेले हात.

इंदुताईंनी तर्री पोह्याची प्लेट समोर ठेवली होती. उन्नतीने ती बाजूला सारली. दारामागे आधीचा डबा पडलेला होता, त्यावर काकांचं नाव तिच्याच अक्षरात. तो तिनेच पॅक केला होता, गाणी ऐकत. ती नळावर गेली आणि तोंडावर पाणी मारत उभी राहिली.

तिसरा डबा न उघडता तिने दुकानात परत आणला आणि रजतच्या समोर ठेवला.

"लांजेवारकाकांनी फोटो पाठवला होता. तुम्ही पायला होता?"

"पायला ना. तेव्हाच समजलं."

"मंग सांगतलं काहून नाही?"

रजतने खर्ऱ्याची पुडी तळहातावर घासली. "एक वायर बदलवाले मी बेस्याले जाऊ का? अन् फोनवर सांगतलं तर म्हणन, तुम्हीच चुकवली. म्हातारं बसल्या बसल्या ट्रक चालवून राहिलं. त्याले कोणती डिलिव्हरी द्यायची आहे?"

"त्यानं स्कूटर सोडली. त्याले वाटलं आपले हात गेले."

"मंग चांगलंच झालं. एक म्हातारा रोडवरून कमी." तो हसला, खर्रा गालात दाबला आणि कचऱ्याच्या डब्यात थुंकला. थोडं डब्याच्या कडेवर सांडलं. "अन् तू लय शहाणी नको होऊ. डबे कोण पॅक करते? मीच का?"

ती आत गेली, हातातली मशीन जोडून पूर्ण केली आणि घरी आली.

आईने सगळं ऐकून घेतलं. "अजून किती जनाले असं केलं असन?"

"पुष्कळ."

"त्यायले सांगतलं का कोनी?"

दुसऱ्या दिवशी उन्नतीने जुनी गिऱ्हाइकं आठवून आठवून फोन लावायला सुरुवात केली. वायर कुठे घातली आहे बघा, जाळीतली धूळ काढा, ते दोन आकडे चालू करून बघा. काहींनी आभार मानले. बऱ्याच जणांना राग आला. एक जण म्हणाला, "तुमचं रजतभाऊसोबत भांडण झालं म्हणून मले काहून फसवून राहिल्या?" आठवड्याभरात ते रजतच्या कानावर गेलं आणि त्याने तिला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं.

काका दोन्ही जुने डबे पिशवीत घालून स्वतः दुकानात गेले, सिटी बसने. भरलेल्या दुकानात त्यांनी फोटो दाखवला आणि खालचं उत्तर वाचून दाखवलं. रजतने हात जोडले. "काका, आमच्याकडे एक पोरगी होती, तिनंच तुमच्या मशीनमधी गडबड केली. म्हणून तर काढलं तिले." आणि उभी असलेली माणसं माना हलवायला लागली. एक बाई म्हणाली, आजकाल कामावर ठेवायची सोय नाही कोणाला. काकांनी घरी आल्यावर उन्नतीला फोन केला. "थू," एवढंच ते म्हणाले, दोनदा.

ताफ्यातही तसंच झालं. काकांनी पुन्हा घ्या म्हणून विनंती केली आणि त्यांना घेतलं गेलं. दोन दिवस त्यांचा ट्रक एकदाही कोणाला घासला नाही. माकडाचा आवाज जोडणाराच म्हणाला, "अंकल तो प्रो निकले! नेट ठीक करवा लिया?" काका सांगायला लागले की नेट आधीपासून ठीक होतं, पण ऐकायला कोणी थांबलं नाही. तोवर त्यांना दुसरी शिकार मिळाली होती. रायपूरची एक बाई, नवीन आलेली, तिचा ट्रक अडखळत होता. तोच माणूस तिला म्हणाला, "मॅडम, रसोई में जाओ." सगळे हसले.

काकांनी तिला वेगळा निरोप पाठवून दोन आकड्यांची गोष्ट समजावली. तिच्या मशीनमध्ये धूळ निघाली, वर्षानुवर्षांची. मग त्यांनी ताफा सोडला. "मले त्या लोकायचा आवाजच नाही ऐकवत," ते उन्नतीला म्हणाले. आता ते आणि ती बाई दोघंच कधीमधी ट्रक काढतात. डोळ्यांच्या डॉक्टरने डाव्या डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात सांगितली, पण गाडी चालवायला हरकत नाही म्हणाला. लायसन नवीन झालं.

उन्नती घरच्या पुढच्या खोलीत काम करते. काम कमी येतं. रजतच्या दुकानाला जिना आला, वर दुसरा मजला झाला. त्या रस्त्याने जाताना ती अजून मान दुसरीकडे फिरवते.

काकांनी ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे. उन्नतीचा जबाब लागला तेव्हा वकिलाने मसुदा करून आणला. त्यात सगळं होतं, फोटो, उत्तर, तिन्ही डबे. तिने तो वाचला आणि शेवटी एक ओळ घालायला लावली: त्यातला एक डबा मी स्वतः पॅक केला आणि तो निरुपयोगी आहे हे मला त्या वेळी माहीत होतं.

"मॅडम, ही ओळ काढा," वकील म्हणाला. "समोरचा वकील हीच पकडून बसेल."

"बसू द्या," ती म्हणाली आणि ओळीखाली सही केली. तारखांवर तारखा पडत आहेत. निकाल अजून लागलेला नाही.