मोरीच्या पाण्यावरची कोथिंबीर

सौदीत राबिघला रिफायनरी उभी राहत होती तेव्हा आमच्या कॅम्पात जलालला सगळे 'म्युनिसिपालटी' म्हणायचे. रत्नागिरीकडचा माणूस. सफाई आणि पाणी, दोन्ही खाती त्याच्याकडे. आम्ही पाइप जोडायचो, हा मोऱ्या हुंगत फिरायचा. तोंडाचा फटकळ. ताटावर बसलं की, "हात धुतलेस? साबणाने?"

पण डोकं होतं हो! मेसच्या मागे मोरीचं पाणी साचून डास माजले होते. जलालने ते टाक्यांत निवळवलं, नळीने वाळूत सोडलं आणि गावच्या बियांचे कडुनिंब लावले. दोन-तीन वर्षांत सावली धरली. सगळ्यांना एकच दम दिलेला: "हे पाणी झाडांचं. तोंडात जाईल तर मराल."

आमचा आचारी केरू संगमेश्वरचा. हिरवं दिसल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. त्याने नळीच्या कडेला गुपचूप धने टाकले. काय कोथिंबीर आली म्हणता! चटणीवर आम्ही तुटून पडलो. जलालनेही मागून घेतली.

"जेद्द्याच्या बाजारातली काय रे?"

"होय," केरू म्हणाला.

पुढे टायफॉईड आला. आम्ही पडलो, उठलो. जलालचा धाकटा भाऊ कादिर मात्र गेला. जलालनेच त्याला गावाहून कामाला बोलावून घेतलं होतं. तिथल्याच वाळूत त्याला दफन केलं. केरूने रडत सगळं कबूल केलं. जलालच्या डोळ्यांत टिपूस नाही. माझं डोकंच फिरलं. अरे मेल्या, रड तरी!

त्याने कोथिंबीर उपटून जाळली. मुकादम म्हणाला, झाडंही तोडा. जलाल म्हणाला, "मग पाणी कुठे सोडू? तुमच्या खोलीत?" नळी चालूच राहिली.

केरूच्या हातचं कोणी खाईना. त्याला गावी धाडायची बोलणी सुरू झाली. त्या दुपारी आम्ही रिकाम्या ताटल्या घेऊन भिंतीला उभे, केरू पातेल्यामागे मान खाली घालून. जलाल एकटा पुढे गेला.

"हात धुतलेस? साबणाने?"

"धुतले."

"मग वाढ."

तो जेवायला बसला तसे आम्हीही एकेक करून बसलो. पहिल्याच घासाला माझं तोंड वाकडं झालं. केरूने धांदलीत दोनदा घातलं असणार, आमटीत मीठच मीठ. कोणाच्या घशाखाली उतरेना.

जलाल मात्र खाली बघून जेवत होता. अर्धी ताटली संपल्यावर, चेष्टेने नाही, खरंच विचारल्यासारखं म्हणाला, "केरू, आज मीठ घालायला विसरलास काय रे?"